पुणे ते नागपूर विमानाने किती अंतर, किती वेळ? अॅपवरचा आकडा आणि खरा प्रवास



माझा मावसभाऊ नागपूरला राहतो. मागच्या वर्षी अॅडमिशनसाठी त्याची पुण्यात शिवाजीनगरला कागदपत्र तपासणी होती, सकाळी १०:३० ला. त्याने अॅपवर पाहिलं. नागपूरहून ८:१५ ला निघणारं विमान ९:४५ ला पुण्यात. हातात पाऊण तास. लोहगाव विमानतळ ते शिवाजीनगर नकाशावर जेमतेम दहा किलोमीटर. म्हणजे आरामात पोहोचणार, असं त्याचं गणित.

तो पोहोचला ११:१५ ला. त्याचा नंबर निघून गेला होता. पुढच्या फेरीसाठी थांबावं लागलं. रात्री फोनवर म्हणाला, "दादा, विमान तर बरोब्बर टायमावर आलं. मग मीच कसा काय लेट झालो?"

प्रश्न एकदम योग्य आहे. विमान उशिरा आलं नव्हतं. अॅपने खोटं सांगितलं नव्हतं. फक्त "१ तास ३० मिनिटं" या आकड्यात काय धरलेलं असतं आणि काय नसतं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. तेच आज आपण पुणे–नागपूर हा मार्ग घेऊन समजून घेऊया. एकदा हे गणित कळलं की कोल्हापूर असो, नांदेड असो, की छत्रपती संभाजीनगर, कुठल्याही दोन विमानतळांसाठी तुम्ही ते स्वतः मोबाइलवर करू शकाल.

आधी थोडक्यात उत्तर

घाईत असाल तर हे आकडे घ्या:

- हवाई अंतर (सरळ): साधारण ६०५ किलोमीटर
- मैलांत: ३७६ मैल, सागरी मैलांत: साधारण ३२६
- तिकिटावरचा वेळ: दीड तासाच्या आसपास
- प्रत्यक्ष हवेत असण्याचा वेळ: तासभर
- घरापासून ठिकाणापर्यंत: साडेपाच ते सहा तास धरून चाला

पहिला आणि शेवटचा आकडा एकत्र बघा. ६०५ किलोमीटर आणि सहा तास. विमान तर ताशी ८०० च्या वर पळतं म्हणतात, मग हे कसं? चला, एकेक करून बघू.

एकाच प्रवासाची तीन अंतरं

"पुणे ते नागपूर अंतर" असं सर्च केलं की वेगवेगळे आकडे येतात आणि डोकं चक्रावतं. पण त्यातले बरेचसे आकडे बरोबरच असतात, फक्त ते वेगवेगळ्या रस्त्यांचे असतात.

१. रस्त्याने: अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर आणि पुढे समृद्धी महामार्ग असं गेलात तर ७०० किलोमीटरच्या थोडं वर. (समृद्धी महामार्ग स्वतः ७०१ किलोमीटरचा आहे, पण तो नागपूर–मुंबई. पुणेकर त्यावर मध्येच चढतात.)

२. रेल्वेने: दौंड, मनमाड, भुसावळ, अकोला, वर्धा असा मोठा वळसा आहे. पुणे–अजनी (नागपूर) वंदे भारत ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाली, तिचं अंतर ८८१ किलोमीटर आणि वेळ साधारण १२ तास.

३. हवेतून: ६०५ किलोमीटर.

म्हणजे रेल्वे विमानाच्या जवळपास दीडपट अंतर कापते. नदी, घाट, जंक्शन, जुन्या काळी टाकलेले रूळ, हे सगळं जमिनीवरच्या वाहनाला बघावं लागतं. विमानाला त्यातलं काही नाही. म्हणून कुठलाही आकडा वाचताना पहिला प्रश्न हा विचारा: हे अंतर कशाचं?

हवाई अंतर मोजतात कसं?

पृथ्वी गोल आहे. सपाट कागदावर पट्टी ठेवून अंतर मोजलं तर लांबच्या प्रवासात ते चुकतं. गोळ्यावरच्या दोन बिंदूंमधला सगळ्यात जवळचा रस्ता हा एका मोठ्या वर्तुळाचा तुकडा असतं, ज्या वर्तुळाचं केंद्र पृथ्वीच्या केंद्रातच असतं. याला 'ग्रेट सर्कल' अंतर म्हणतात. घरी संत्रं आणि दोरा असेल तर करून बघा. संत्र्यावर दोन ठिपके काढा आणि दोरा ताणून धरा. दोरा जिथून जातो तोच हा रस्ता.

वेबसाइट आणि अॅप हे काम 'हॅवरसाइन' नावाच्या सूत्राने करतात. त्याला फक्त चार आकडे लागतात, दोन्ही विमानतळांचे अक्षांश आणि रेखांश. पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरली जाते.

पण आपल्याकडच्या दोन विमानतळांसाठी एवढं मोठं सूत्र लागतही नाही. दहावीचा पायथागोरस पुरतो! करून बघूया:

- पुणे (लोहगाव): १८.५८ उत्तर, ७३.९२ पूर्व
- नागपूर (सोनेगाव): २१.०९ उत्तर, ७९.०५ पूर्व

स्टेप १: अक्षांशातला फरक २.५१ अंश. अक्षांशाचा एक अंश म्हणजे साधारण १११.२ किलोमीटर. म्हणून उत्तर-दक्षिण अंतर २.५१ × १११.२ = २७९ किमी.

स्टेप २: रेखांशातला फरक ५.१३ अंश. इथे एक गंमत आहे. रेखांशाच्या रेषा ध्रुवाकडे जाताना जवळ येत जातात. त्यामुळे विषुववृत्तावर एक अंश १११ किलोमीटरचा असला तरी आपल्या भागात तो थोडा आखूड होतो. किती? दोन्ही ठिकाणांच्या मधला अक्षांश (१९.८४) घ्या आणि त्याच्या कोसाइनने गुणा. कोसाइन येतो ०.९४. म्हणजे एक अंश = १०४.६ किमी. पूर्व-पश्चिम अंतर ५.१३ × १०४.६ = ५३७ किमी.

स्टेप ३: पायथागोरस. २७९ चा वर्ग अधिक ५३७ चा वर्ग, आणि त्याचं वर्गमूळ. उत्तर: ६०५ किमी.

मोबाइलचा कॅल्क्युलेटर आडवा धरला की बऱ्याच फोनमध्ये कोसाइन आणि वर्गमुळाची बटणं दिसतात (कोसाइन घेताना मोड 'डिग्री' आहे ना, हे बघा). दोन मिनिटांचं काम आहे.

मग एखादी साइट ६०३ आणि दुसरी ६०६ का दाखवते? याची कारणं दोन. पृथ्वी अगदी चेंडूसारखी गोल नाही, ध्रुवांकडे किंचित चपटी आहे. विषुववृत्तापाशी त्रिज्या ६,३७८ किमी आणि ध्रुवापाशी ६,३५७ किमी. गोल धरून केलेलं गणित त्यामुळे जास्तीत जास्त अर्धा टक्का इकडे-तिकडे होतं. दुसरं कारण म्हणजे काही साइट विमानतळाऐवजी शहराच्या मध्यापासून मोजतात. दोन-चार किलोमीटरच्या फरकाने काही बिघडत नाही.

गणित नको? मग गुगल मॅप्सवर असं बघा

१. गुगल मॅप्स उघडा आणि पुणे विमानतळावर बोट दाबून धरा. लाल पिन पडेल.
२. खाली आलेलं कार्ड वर सरकवा, त्यात अंतर मोजण्याचा पर्याय असतो तो निवडा.
३. आता नकाशा सरकवत नागपूर विमानतळ मधल्या गोल खुणेवर आणा.
४. खाली किलोमीटरमध्ये अंतर दिसेल.

हे 'डिरेक्शन्स' नाही बरं का. डिरेक्शन्समध्ये रस्त्याचं अंतर येतं. नेमका इथेच बऱ्याच जणांचा घोळ होतो.

६०५ किलोमीटरला दीड तास कसा?

आता मुख्य मुद्दा. एअरबस ए३२० सारखं जेट विमान उंचावर ताशी साधारण ८३० किलोमीटर वेगाने जातं. ६०५ भागिले ८३० म्हणजे फक्त ४४ मिनिटं. मग तिकिटावर दीड तास का लिहितात? कंपनी फसवते का?

नाही. तिकिटावरची वेळ ही उडण्याची वेळ नसतेच. सुटण्याची वेळ म्हणजे विमान आपल्या पार्किंगच्या जागेवरून हललं ती वेळ, आणि पोहोचण्याची वेळ म्हणजे विमान समोरच्या विमानतळावर आपल्या जागी येऊन थांबलं ती वेळ. या पूर्ण वेळेला विमानवाल्यांच्या भाषेत 'ब्लॉक टाइम' म्हणतात. उभ्या विमानाच्या चाकांना ठोकळे लावतात, ते काढल्यापासून परत लावेपर्यंतचा वेळ, म्हणून हे नाव.

हे नव्वद मिनिटं साधारण असे जातात:

- मागे ढकलणं, इंजिन सुरू करणं, धावपट्टीपर्यंत जाणं आणि रांगेत थांबणं: १५ मिनिटं
- वर चढणं: २० मिनिटं
- उंचावर सरळ उडणं: १५ मिनिटं
- खाली उतरणं आणि धावपट्टीच्या रांगेत लागणं: २५ मिनिटं
- धावपट्टीवरून पार्किंगपर्यंत: ५ मिनिटं
- राखीव वेळ: १० मिनिटं

तिसऱ्या ओळीकडे परत बघा. ज्या ८३० च्या वेगाचं आपण कौतुक करतो, तो वेग या पूर्ण प्रवासात फक्त पंधराएक मिनिटं मिळतो! कारण पायलट लोकांचा एक ढोबळ नियम आहे: दर १,००० फूट खाली यायला ३ सागरी मैल आधीपासून सुरुवात करायची. ३५,००० फुटांवरून उतरायचं तर १०५ सागरी मैल, म्हणजे जवळपास १९५ किलोमीटर आधीच उतरायला लागायचं. चढायलाही साधारण तेवढंच अंतर जातं. ६०५ मधून हे दोन्ही वजा केले की सरळ उडायला उरतात जेमतेम दोनशे किलोमीटर. म्हणून तर पाणी वाटून होतं न होतं तोच "सीट बेल्ट बांधा" ची घोषणा येते.

त्यातही १०,००० फुटांच्या खाली विमान हळू चालवतात, साधारण २५० नॉट म्हणजे ताशी ४६३ किलोमीटरच्या आत. आणि आकाशात रस्ते नसले तरी ठरलेले मार्ग असतात. विमान एका ठरलेल्या बिंदूवरून दुसऱ्या बिंदूवर जातं, धावपट्टीच्या दिशेप्रमाणे वळसा घेतं. त्यामुळे प्रत्यक्ष कापलेलं अंतर ६०५ पेक्षा थोडं जास्तच भरतं. शिवाय लोहगावची धावपट्टी मुळात हवाई दलाची आहे. एकाच धावपट्टीवर लढाऊ विमानं आणि प्रवासी विमानं दोन्ही, म्हणजे कधी कधी थोडं थांबणं आलंच.

आणि शेवटची दहा मिनिटं? ती कंपनी मुद्दाम ठेवते. ठरलेल्या वेळेच्या १५ मिनिटांच्या आत विमान आलं की ते 'वेळेवर' धरतात. थोडी गादी ठेवली की सुटायला उशीर झाला तरी पोहोचायला वेळेवर. म्हणूनच कधी कधी विमान अर्धा तास उशिरा सुटतं आणि तरी वीसच मिनिटं उशिरा पोहोचतं.

एटीआर ७२ सारखं पंख्याचं छोटं विमान असेल तर वेग ताशी ५०० च्या आसपास. मग ६०५ किलोमीटरला नुसतं उडायलाच सव्वा तास लागेल. पण अंतर कमी असेल, समजा अडीचशे-तीनशे किलोमीटर, तर जेट आणि एटीआर यांच्यात फार फरक पडत नाही. जेटला वेग पकडायला जागाच मिळत नाही ना!

जाताना लवकर, येताना उशीर?

हो, असंही होतं, आणि कारण आहे वारा. हिवाळ्यात आपल्या भागात खूप उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. पुण्याहून नागपूर हे पूर्वेला. म्हणजे जाताना वारा पाठीशी, येताना तोंडावर. पावसाळ्यात उंचावरचे वारे उलटे, पूर्वेकडून वाहायला लागतात.

गणित सोपं आहे. विमानाचा वेग ८०० आणि वारा ८० धरा. पाठीशी वारा असेल तर जमिनीवरून मोजलेला वेग ८८०, समोरून असेल तर ७२०. ६०५ किलोमीटरला एकीकडे ४१ मिनिटं, दुसरीकडे ५० मिनिटं. नऊ मिनिटांचा फरक! छोट्या मार्गावर तो राखीव वेळेत झाकला जातो, लांबच्या मार्गावर मात्र उघड दिसतो.

'फ्लाइट टाइम' सांगणाऱ्या साइट कुठे गंडतात?

दोन शहरांची नावं टाका, लगेच अंतर आणि वेळ सांगतो, अशा भरपूर साइट आहेत. त्या साधारण असं करतात: सरळ अंतर काढायचं, एका ठरलेल्या वेगाने भागायचं, त्यात वीस-तीस मिनिटं मिळवायची. झालं. त्यांना त्या मार्गावर कुठलं विमान आहे, वारा कसा आहे, यातलं काही माहीत नसतं.

याहून मोठी गोष्ट म्हणजे त्या मार्गावर विमान आहे की नाही, हेही त्यांना माहीत नसतं! सूत्राला फक्त अक्षांश-रेखांश लागतात. तुम्ही रायगड ते शनिवारवाडा टाकलंत तरी ते "फ्लाइट टाइम" काढून देईल. म्हणून असा आकडा दिसला म्हणजे थेट विमान आहे असं समजू नका. आधी विमान कंपनीच्या साइटवर तारीख टाकून बघा. थेट विमान नसेल तर मुंबई किंवा हैदराबाद करून जावं लागेल, आणि मग एका तासाचा प्रवास सहा-सात तासांचा होतो.

खरा वेळ मोबाइलवर कसा बघायचा?

विमान उडताना दर सेकंदाला आपली जागा, उंची आणि वेग रेडिओवरून सांगत असतं. या पद्धतीला एडीएस-बी म्हणतात. जमिनीवर लोकांनी बसवलेले रिसीव्हर ते पकडतात आणि फ्लाइटरडार२४, फ्लाइटअवेअर अशी अॅप ते नकाशावर दाखवतात. तर तिकीट काढण्याआधी एवढं करा:

१. तिकिटावरचा फ्लाइट नंबर (दोन अक्षरं आणि पुढे आकडे) अॅपमध्ये टाका.
२. मागच्या काही दिवसांचा इतिहास उघडा.
३. रोज ठरलेली वेळ काय होती आणि प्रत्यक्ष किती वाजता पोहोचलं, ते बघा.
४. सात दिवसांतला सगळ्यात वाईट दिवस निवडा आणि त्याच्यावर प्लॅन करा. सरासरीवर नको.

एक लक्षात ठेवा. काही अॅप चाकं जमिनीवर टेकल्याची वेळ दाखवतात, काही विमान पार्किंगला लागल्याची. त्यात पाच-दहा मिनिटांचा फरक असू शकतो.

दारापासून दारापर्यंत: इथेच मावसभाऊ चुकला

आता पूर्ण प्रवास मांडूया. पुण्याच्या एखाद्या उपनगरातून नागपूरच्या एखाद्या वस्तीपर्यंत:

- घर ते लोहगाव: १ तास
- विमानतळावर (प्रवेश, बॅग, सुरक्षा तपासणी, गेट): २ तास
- ब्लॉक टाइम: १ तास ३० मिनिटं
- विमानातून उतरणं, बस, बॅग घेणं, बाहेर येणं: २५ मिनिटं
- कॅब मिळून घरी: ५० मिनिटं

एकूण ५ तास ४५ मिनिटं. ६०५ किलोमीटरला पावणेसहा तास, म्हणजे ताशी १०५ किलोमीटर. ८३० वरून आपण १०५ वर आलो!

यातले दोन तास जास्त वाटतात? बहुतेक कंपन्यांचे देशांतर्गत काउंटर विमान सुटण्याच्या ६० मिनिटं आधी बंद होतात आणि गेट २५ मिनिटं आधी. म्हणजे ८:१५ चं विमान तुमच्यासाठी खरं तर ७:५० लाच सुटतं, आणि बॅग द्यायची असेल तर ७:१५ ला. पुण्यात २०२३ पासून डिजियात्रा आहे, चेहरा दाखवून प्रवेशाची रांग वाचते. पण सुरक्षा तपासणीची रांग वाचत नाही.

आता मावसभावाची सकाळ बघा. ९:४५ ला विमान जागेवर थांबलं. तो मागच्या रांगेत होता, उतरायला दहा मिनिटं गेली. बॅग पट्ट्यावर यायला १०:१५ झाले. कॅब मिळून निघेपर्यंत १०:३०. आणि येरवडा ते शिवाजीनगर, ऑफिसची वेळ. ११:१५. प्रत्येक टप्पा नेहमीसारखाच होता, कुठेही काही बिघडलं नाही. फक्त त्याने "९:४५ ला पुण्यात" हे "९:४५ ला रस्त्यावर" असं वाचलं होतं.

मुलाखत, परीक्षा, कोर्टाची तारीख, हॉस्पिटलची अपॉइंटमेंट असं काही असेल तर सरळ नियम ठेवा: विमान पोहोचण्याच्या वेळेपासून कामाच्या वेळेपर्यंत किमान तीन तास. आणि ज्या कामाला दुसरी संधी नाही, त्याच्यासाठी आदल्या दिवशी पोहोचा. रात्रीची ट्रॅव्हल्स किंवा रेल्वे वेळ जास्त खाते, पण तो झोपेचा वेळ असतो. सकाळी तुम्ही शहरात असता. कधी कधी १२ तासांची रेल्वे दीड तासाच्या विमानापेक्षा जास्त भरवशाची ठरते, ती अशी.

विमान कधी घ्यावं? एक सोपं सूत्र

विमान प्रवासात जवळपास ५ तास ठरलेले आहेत, अंतर कितीही असो. त्यावर अंतर भागिले ८०० एवढे तास. गाडीने जायचं तर रस्ता सरळ अंतराच्या सव्वापट धरा आणि सरासरी वेग ताशी ६०.

- २०० किमी: विमान सव्वापाच तास, गाडी चार-सव्वाचार तास. गाडी पुढे.
- २७० किमी: दोन्ही जवळपास सारखे.
- ६०५ किमी: विमान पावणेसहा तास, गाडी साडेबारा तास. विमान पुढे.

समृद्धीसारखा रस्ता मिळाला तर गाडीचा वेळ अजून कमी होतो, घाट आणि ट्रॅफिक लागला तर वाढतो. तुमच्या गावापासून विमानतळ किती लांब आहे, त्याप्रमाणे हे पाच तास बदला. यवतमाळच्या माणसाला नागपूर विमानतळ गाठायलाच तीन तास लागणार असतील, तर त्याचं गणित वेगळंच येईल.

दीड तास आणि तुमचे पैसे

ब्लॉक टाइम हा फक्त माहितीचा आकडा नाही. त्यावर तुमचे हक्क ठरतात. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या (डीजीसीए) नियमांप्रमाणे:

- ब्लॉक टाइम अडीच तासांपर्यंत असेल आणि विमानाला दोन तास किंवा जास्त उशीर होणार असेल, तर विमानतळावर थांबलेल्या प्रवाशाला खाणं-पिणं द्यायचं.
- सहा तासांहून जास्त उशीर असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत, यातलं काय ते तुम्ही निवडायचं.
- वेळेत न कळवता विमान रद्द केलं तर भरपाई: ब्लॉक टाइम १ तासापर्यंत ५,००० रुपये, १ ते २ तास ७,५०० रुपये, २ तासांच्या वर १०,००० रुपये. पण मूळ भाडं आणि इंधन शुल्क मिळून यापेक्षा कमी असेल तर ते कमी असलेलं मिळतं. खराब हवामानासारखं कारण कंपनीच्या हातात नसेल तर ही भरपाई लागू होत नाही.

पुणे–नागपूर दीड तासाचं, म्हणजे मधल्या गटात. बुकिंग करताना आपला मोबाइल नंबर आणि ईमेल बरोबर द्या. नाहीतर "तुम्हाला कळवायला मार्गच नव्हता" असं म्हणून भरपाई नाकारता येते. एजंटकडून तिकीट काढलं की बरेचदा त्याचाच नंबर टाकलेला असतो, तो बदलून घ्या.

भाड्याचंही तसंच. 'उडान' योजनेत सुरुवातीला साधारण ५०० किलोमीटर किंवा एका तासाच्या प्रवासाला २,५०० रुपये अशी ठरावीक सीटसाठी मर्यादा होती. २७ एप्रिल २०१७ ला या योजनेची पहिली विमानं उडाली, त्यात आपलं नांदेड–हैदराबादही होतं. करोनाच्या काळात मे २०२० ते ऑगस्ट २०२२ सरकारने भाड्याला खालची-वरची मर्यादा घातली होती, तेव्हाही मार्गांचे गट प्रवासाच्या वेळेवरूनच पाडले होते.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*तिकिटावरच्या वेळा वजा केल्या की प्रवासाचा वेळ मिळतो का?*
भारतात हो, कारण देशभर घड्याळ एकच. नागपूर पुण्याच्या पाच अंश पूर्वेला आहे, त्यामुळे तिथे सूर्य वीसएक मिनिटं आधी उगवतो, पण घड्याळ तेच. परदेशात मात्र नाही. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. रात्री ८ ला निघून ९:३० ला पोहोचलात तर प्रवास दीड तासाचा नाही, तीन तासांचा झाला.

*लांबची विमानं नकाशावर वाकडी का दिसतात?*
कारण नकाशा सपाट आहे. मुंबई–न्यूयॉर्क साधारण साडेबारा हजार किलोमीटर, गोळ्यावर तोच सरळ रस्ता आहे. पुणे–नागपूरसारख्या छोट्या अंतरात हा वाकडेपणा दिसतही नाही.

*अॅपमध्ये किमीऐवजी एनएम लिहिलंय, ते काय?*
सागरी मैल. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किमी. ३२६ बघून "अरे, एवढंच अंतर!" असं समजू नका.

शेवटी एवढंच

अंतर ६०५ किलोमीटर हे खरं. विमान दीड तासात जातं, हेही खरं. पण तुम्ही विमानतळावर राहत नाही आणि तुमचं कामही विमानतळावर नसतं. म्हणून पुढच्या वेळी तिकीट काढताना कागदावर पाच ओळी लिहा: घर ते विमानतळ, विमानतळावरचा वेळ, ब्लॉक टाइम, बाहेर पडणं, विमानतळ ते काम. बेरीज करा आणि मगच 'बुक' दाबा.

मावसभावाला पुढच्या फेरीत अॅडमिशन मिळालं, आता तो पुण्यातच असतो. यंदा दिवाळीला घरी जाताना त्याने मला स्क्रीनशॉट पाठवला. तिकिटाचा नाही, नोट्स अॅपमधल्या त्या पाच ओळींचा. खाली बेरीज होती, सहा तास दहा मिनिटं.